तिन्ही वाटा उघड्या

४ मार्च

धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून हुरळून जाऊ नकोस. माफीबिफी काही नाही आत. तू तुरुंगात गेल्यापासून दोन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आजही लिहिली नसती. पण काम भिंगरीचं आहे, आणि ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमणारं नाही. माझं नशीब, दुसरं काय.

यांचा फोन आता तिच्याकडे असतो. गोदामाला आग लागली त्या दिवशी हे तो घरीच चार्जिंगला लावून विसरून गेले होते, म्हणून फोन तेवढा वाचला. त्यात तुमचा तो बुरुजांचा खेळ आहे. सुट्टीच्या दिवशी जेवणं झाली की तू आणि हे कोचावर तंगड्या पसरून खेळत बसायचात आणि मी आत भांडी आपटायची, तोच. भिंगरी तेव्हा तुम्हा दोघांच्या मध्ये घुसून बसायची. आता एकटीच खेळते. यांनी जिथे सोडला होता तिथूनच खेळते. मागे जायचं नाही म्हणते, आणि पुढे काही जाता येत नाही. 'तीन वाटा' म्हणून लेव्हल आहे. डोंगरातून तीन वाटा येतात, तिन्हीवरून शत्रूंच्या लाटा येतात, आपण वाटेच्या कडेला बुरूज बांधून त्यांना अडवायचं. दहा जण किल्ल्यात शिरले की संपलं. शाळेतून आली की दप्तर फेकते, खेळायला बसते आणि हरते. रोज.

मी म्हटलं, फोन काढूनच घेते. पण शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, खेळू द्या, पोरीला निदान एखादी गोष्ट पुरी करावीशी वाटतेय. बोलत तर ती कुणाशीच नाही रे. आधी तोंडाचा पट्टा अखंड चालू असायचा, भिंगरी हे नाव उगाच नाही पडलं. आता फक्त हो आणि नाही. वर्गात तिच्या बाकावर कुणी बसत नाही. यांच्याबरोबर जे बाकीचे पाच जण गेले, त्यातल्या दोघांची मुलं तिच्याच शाळेत आहेत. 'तुझ्या बाबानेच दारं लावली म्हणून माझा बाबा मेला', असं त्यातल्या एकाने तिला तोंडावर सांगितलं. त्याला ते कुठून कळलं हे मी तुला सांगायला नको. भर कोर्टात तूच सांगितलंस.

असो. भांडायला लिहीत नाहीये. ती लेव्हल कशी पार करायची तेवढं लिही. अकरा वर्षांच्या पोरीला कळेल असं लिही. खेळाशिवाय दुसरं काही लिहिलंस तर तेवढा भाग कापून मग तिला देईन. कात्री माझ्या हाताशीच असते, दुकानात दिवसभर लोकांचे कपडे उसवते मी.

आई बरी आहे. गुडघे दुखतात.

ताई


२३ मार्च

धाकट्या,

चार पानं! शाळेत निबंध म्हटला की तुझ्या पोटात दुखायचं, माझ्या वहीतले उतरवून न्यायचास. आणि आता चार पानं, वर नकाशा काढलेला. पाठवायच्या आधी तिथल्या लोकांनी पाकीट उघडून वाचलं असणार. त्यांना काय वाटलं असेल, तुरुंग फोडायचा बेत आहे की काय!

कात्री लागली नाही. बरं केलंस.

तू लिहिलंस तसं केलं. आधी नाणी साठवायची, पहिल्याच लाटेला घाबरून बुरूज बांधत सुटायचं नाही. तोफ सरळ रस्त्यावर ठेवायची नाही, वळणाच्या पोटात ठेवायची, म्हणजे शत्रू वळताना तिच्या टप्प्यात दोनदा येतो. तोफेच्या आधी गारठ्याचा बुरूज, म्हणजे थंडीने ते हळू चालतात आणि तोफेला नेम धरायला वेळ मिळतो. मी मोठ्याने वाचत होते, ती बोटाने करत होती. मला मेलीला तोफ कुठली आणि गारठा कुठला तेच कळेना. मी 'डावीकडे' म्हटलं आणि हात उजवीकडे दाखवला, तर माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तू राहू दे, पत्र दे इकडे." सबंध वाक्य. किती दिवसांनी. मी आत जाऊन नळ सोडून रडले.

आता नवव्या लाटेपर्यंत जाते. दहाव्या लाटेला उडते शत्रू येतात, ते तोफेला दादच देत नाहीत. आणि त्यानंतर ते ढालवाले, तिन्ही वाटांवरून एकदम. तिथे सगळं कोसळतं. त्याचं काय करायचं ते मामाला विचार म्हणाली. मामाला विचार, असं म्हणाली. मी तिला काही सुचवलं नव्हतं.

आई तुझी चार पानं घेऊन बसली होती. त्यातलं तिला ओ की ठो कळत नाही, तरी दोनदा वाचलं, मग घडी करून उशीखाली ठेवलं. मला परत मागून घ्यावं लागलं.

तुझा वकील येऊन गेला. जूनमध्ये म्हणे तुझ्या लवकर सुटकेची सुनावणी आहे, तिथे गेलेल्यांच्या घरच्यांना बोलावतात आणि काय म्हणायचंय ते विचारतात. मी एकीकडून गेलेल्याची बायको, दुसरीकडून तुझी बहीण. मी चांगलं बोलले तर बाकीच्याही ऐकतील, असं त्याचं गणित आहे. मी म्हटलं बघू. तर तो गेल्यावर आई माझ्या मागे मागे फिरत होती. डोळे मिटायच्या आत पोराला घरात बघू दे, असं. मी शिलाईचं मशीन सुरू केलं, म्हणजे ऐकू येत नाही.

उडत्या शत्रूंचं लिही.

ताई


१२ एप्रिल

धाकट्या,

तुझं दुसरं पत्र आलं. उडत्यांचा प्रश्न सुटला. दोन तिरंदाज किल्ल्याला चिकटवून ठेवले आणि एकही आत आला नाही. पण पुढचं जमलं नाही. आणि जमणारही नाही.

तू लिहिलंयस की डावी आणि उजवी वाट फाटक लावून बंदच करून टाक. फाटक सगळ्यात स्वस्त असतं. फाटक दिसलं की शत्रू माघारी फिरतात आणि सगळे मधल्या वाटेला लागतात, मग तिथेच सगळ्या तोफा एकवटायच्या. मी आपलं वाचत गेले. तिने फाटकावर बोट ठेवलं, उचलून डाव्या वाटेपर्यंत नेलं आणि तिथेच थांबली.

"लाव की गं," मी म्हटलं.

"मग ते बाहेर कुठून पडतील?"

"कोण?"

"हे. आतले."

"अगं, शत्रू आहेत ते. त्यांना बाहेर पडायचंच नाहीये, त्यांना आत यायचंय."

तिने फाटक परत जागेवर नेऊन ठेवलं. फोन बंद केला. जेवायला बसली ती नुसती बोटं फिरवत. मी आधी चिडले, मग डोक्यात प्रकाश पडला. आई तर ताट तसंच सोडून आत निघून गेली. हल्ली दारांचा विषय निघाला की ती उठूनच जाते. मागे मी एकदा म्हटलं होतं, एवढा शहाणा माणूस, यांना कशी दुर्बुद्धी सुचली दारं लावायची. तर माझ्यावरच खेकसली, "कुणी का लावेना, गेलेला माणूस येतो का परत?"

मी नंतर तो फोन जरा चाळला. या खेळात एक पान आहे, तुला माहीत असेलच, कुठल्या लेव्हलला काय काय वापरलं त्याचा हिशोब. 'तीन वाटा'वर हे किती वेळा हरले होते माहितीये? माणूस वेडा होईल इतक्या वेळा. तोफा, तिरंदाज, गारठा, सगळ्यासमोर मोठमोठे आकडे. आणि फाटकं, शून्य. एकदासुद्धा नाही.

म्हणून विचारते. तू शेजारी बसलेला असायचास. तू त्यांना फाटकाचं सांगितलं असशीलच. मग यांनी ते कधीच का लावलं नाही? उगाच विचारतेय असं समज. खरं तर उगाच नाही, मला ते जुळतच नाहीये.

आणि भिंगरीसाठी फाटकाशिवायचा काही उपाय असला तर लिही.

ताई


५ मे

काय म्हणून हाक मारू तुला ते कळत नाही, म्हणून नुसतंच लिहिते.

तुझं पत्र दुकानात उघडलं. हातात कुणाचातरी कोट होता, बाही उसवत होते. तुझी ओळ वाचली आणि कात्री सरळ कापडात गेली. मालकीणबाई ओरडल्या. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले, मला त्यांचं बोलणं ऐकूच येत नव्हतं.

तुझंच तुला वाचून दाखवते. 'भाऊजींना फाटकाचं कितीदा सांगितलं, ऐकतील तर शपथ. म्हणायचे, वाटा बंद करून जिंकण्यात काय राम आहे. मी म्हणायचो, अहो भाऊजी, सगळे एका रांगेत आले की नजर ठेवायला एकच माणूस पुरतो. पण हट्टी होते फार.'

सगळे एका रांगेत आले की नजर ठेवायला एकच माणूस पुरतो.

हे वाक्य मी ऐकलंय. कोर्टात ऐकलंय. तिसऱ्या बाकावर बसले होते मी, आईचा हात धरून. तू पिंजऱ्यात उभा होतास आणि साहेबांनी विचारलं, गाद्याउशांच्या गोदामाला तीन दारं असताना दोन बाहेरून कुलूपबंद का होती. तू म्हणालास, मी व्यवस्थापक असलो तरी शिफ्ट भाऊजींच्या हातात होती. उशा चोरीला जायच्या, म्हणून बाजूची दारं लावून सगळ्यांना मधल्या दाराने सोडायचं हे त्यांनीच ठरवलं. आणि वर म्हणालास, 'ते मला म्हणाले होते, सगळे एका रांगेत आले की नजर ठेवायला एकच माणूस पुरतो.' अगदी हेच शब्द. मला पाठ आहेत. दोन वर्षं रोज उठून हे वाक्य माझ्या कानात वाजतंय. आग मधल्या दारापाशी लागली, सगळा फोम पेटला, आणि ती माणसं धुरात बाजूच्या दारांवर हात आपटत राहिली. प्रत्येक वेळी माझ्या मनात यायचं, अहो, का असं ठरवलंत तुम्ही?

ते यांचं वाक्य नव्हतंच. तुझं होतं. तू स्वतःचं बोलणं उचललंस आणि मेलेल्या माणसाच्या तोंडात घातलंस. आणि आता विसरलास कुणाच्या तोंडात घातलं होतं ते. खेळाच्या नादात खरं लिहून बसलास.

शत्रूंच्या वाटा बंद करायला ज्या माणसाचा हात धजत नव्हता, तो माणूस जिवंत माणसांना कोंडेल? साधा खेळ रे. कुणी बघत नव्हतं, हरत होते, तरी नाही लावलं.

तुला कल्पना आहे का आम्ही कसे दिवस काढले ते? आगीत गेलेल्या त्या हमालाच्या बायकोला भेटायला गेले होते, पंधरा वर्षांची ओळख. तिने माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. तिचं शिवायला आलेलं पोलकं तिने मुलीला पाठवून परत नेलं, अर्धवट शिवलेलंच. मी यांचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला, कारण भिंगरी त्याच्याकडे बघायची नाही. पोरगी बापाच्या फोटोकडे पाठ करून अभ्यासाला बसायची! आणि तू तिकडे दोन वेळचं जेवत होतास, दोष यांच्यावर ढकलून शिक्षा अर्धी करून घेतलेलीस.

मला तुझा राग येत नाहीये असं समजू नकोस. मला किळस येतेय.

आता नीट वाच. जूनच्या सुनावणीत तू स्वतःच्या तोंडाने सांगायचंस. दारं कुणी लावायला सांगितली, कोण नको म्हणत होतं, सगळं. त्या बायका समोर बसलेल्या असतील, त्यांच्याकडे बघून सांगायचंस. शिक्षा वाढेल कदाचित. वाढू दे. तू खरं सांगितलंस तर तिथल्या तिथे मी उठून म्हणेन की याला सोडा. बहीण म्हणून नाही, त्यांची बायको म्हणून म्हणेन. मला तू आत राहिलास काय, बाहेर आलास काय, सारखंच आहे. मला माझ्या पोरीला तिचा बाप परत द्यायचाय.

आईला यातलं काही सांगितलं नाही. ती कोलमडेल.

ताई


२० मे

उत्तर नाही. ठीक आहे.

भिंगरीने ती लेव्हल पार केली. तुला कळवायची गरज नव्हती, पण तिनेच सांगितलं, मामाला कळव. तिला मी तुझ्याबद्दल काहीच बोललेले नाही, अजून धीर होत नाही.

फाटक न लावता केली. तिचं म्हणणं, तिन्ही वाटा डोंगरात लांब लांब असल्या तरी शेवटी किल्ल्यापाशीच येतात ना. मग डोंगरात कशाला लढायचं. तिने वळणावळणांवरचे सगळे बुरूज विकून टाकले आणि किल्ल्याच्या अगदी पुढ्यात, तिन्ही वाटा एका तोफेच्या टप्प्यात येतात तिथे सगळं एकवटलं. मधोमध गारठा, भोवती तोफा. भीती एवढीच की शत्रूला अगदी दारापर्यंत येऊ द्यायचं आणि तोवर हातावर हात ठेवून बसायचं. नऊ शिरले आत. दहावा उंबऱ्यावर पडला.

ओरडली रे. उड्या मारल्या. मग म्हणाली, "बाबांना हे सुचायला हवं होतं," आणि रडायला लागली. मी तिला जवळ घेऊन बसले. म्हटलं, वाटा बंद न करता जिंकायचं हे तर त्यांचंच होतं ना, तू ते पुरं केलंस.

आई तुझी खोली झाडतेय. तुझे दोन शर्ट धुऊन मला आणून दिले, म्हणाली, बारीक झाला असेल तो, बाजूने जरा आत घे. मी घेतले. तिला काय सांगू.

अजून तीन आठवडे आहेत. विचार कर.

ताई


९ जून

परवा सुनावणी. भिंगरीला घरी एकटी ठेवता येत नाही, तीही येईल आमच्याबरोबर. तुला तिच्यासमोर बोलायचंय हे ध्यानात ठेव.

ताई


१६ जून

धाकट्या,

तू सगळा वेळ मान खाली घालून होतास, तेव्हा काही गोष्टी तुला दिसल्या नसतील. त्या सांगते.

तू म्हणालास, 'मला पश्चात्ताप आहे, पण दारं भाऊजींनीच लावून घेतली होती.' परत तेच. तेव्हा भिंगरी माझ्या आणि आईच्या मध्ये बसली होती. ती रडली नाही. तिने आपले दोन्ही गुडघे छातीशी घेतले आणि तोंड त्यात खुपसलं. शाळेत मुलं बोलली की ती अशीच बसते, बाईंनी सांगितलं होतं. मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. आईनेही.

मग मला विचारलं आणि मी उभी राहिले. काय बोलले ते तू ऐकलंस. माझी मला लाज वाटावी इतकं बावळटासारखं बोलले. खेळ, फाटकं, शून्य, एका रांगेतलं वाक्य. ते टेबलामागचे तिघं एकमेकांकडे बघत होते. त्यातला चष्मेवाला तर हसू दाबत होता. "बाई, मोबाईलवरचा खेळ हा काही पुरावा होत नाही," असं म्हणाला तो, आणि त्याचं चुकलं नाही. पत्र दाखवलं तर म्हणे, यात गोदामाचा उल्लेखच नाही. मी खाली बसले. मला वाटलं, संपलं. आता हा सुटतो, आणि यांच्या नावाला लागलेला डाग कायमचा.

तुझा वकील फाइल बंद करत होता, तेवढ्यात आई उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. गुडघ्यांमुळे तिला पुढच्या बाकाला धरून उठावं लागलं. मला वाटलं पाणी हवंय.

"साहेब, दारं यानंच लावायला लावली," ती म्हणाली. "जावई नको म्हणत होता. आग लागली त्याच संध्याकाळी माझ्या मांडीवर डोकं ठेवून यानं सगळं सांगितलं मला. रडत होता. मी म्हटलं, गप्प राहा. मीच म्हटलं तसं. याला आत्ता सोडू नका."

मधल्या साहेबांनी विचारलं, आजी, तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय ना? त्यावर ती म्हणाली, "मीच जन्म दिलाय त्याला, मला कळणार नाही?"

तेव्हा तू मान वर केलीस. तुझा चेहरा मी बघितला, आणि मला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटलं.

बाहेर आल्यावर हमालाची बायको आमच्यापाशी आली. भिंगरीपुढे उकिडवी बसली आणि तिच्या बुटाची सुटलेली नाडी बांधायला लागली. बांधता बांधता हुंदका आला तिला. भिंगरीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

सुटका नामंजूर झाल्याचं आणि पुन्हा चौकशी होणार असल्याचं तुला कळलंच असेल.

ताई


३ सप्टेंबर

धाकट्या,

पुन्हा लिहिणार नव्हते. पण काल जे कळलं त्यानंतर राहवलं नाही.

आधी आईचं सांगते. सुनावणीनंतर बरेच दिवस मी तिच्याशी बोलले नाही. दोन वर्षं एका छपराखाली राहिलो आम्ही. मी यांच्यावर आगपाखड करायची, ती ऐकायची आणि भाजी चिरत राहायची. तिला सगळं माहीत होतं. भिंगरी शाळेतून रडत यायची तेव्हा तिचं तोंड हीच पुसायची, आणि तिला माहीत होतं! मी तिला म्हटलं, तू त्या एका वाक्याने माझं घर वाचवू शकली असतीस. तर म्हणाली, "हो." बस, एवढंच. तिने वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

भिंगरी मात्र तिला धरून आहे. आजी पहिल्यासारखी तिची वेणी घालते, आणि ही तिला शाळेतलं काय काय सांगत बसते. हो, सांगते. बाकावर आता एक मुलगी बसते तिच्या. यांचा फोटो तिनेच कपाटातून काढून लावला, जरा वाकडाच. मी सरळ केला नाही.

आई दर भेटीच्या दिवशी तुझ्याकडे येते हे तुला माहीत आहे. दोन बस बदलून येते, डब्यात तुझ्यापुरतं काहीबाही घेऊन. मी तिला आणायला स्टॉपवर जाते. प्रत्येक वेळी विचारते, भेटला का? आणि प्रत्येक वेळी ती सांगते, आज फार गर्दी होती, नंबरच लागला नाही. किंवा, साहेब रजेवर होते. किंवा, तो कामावर होता, त्यांनी खाली सोडलं नाही. मला खरंच वाटायचं.

काल तिला ताप होता, तरी निघाली, म्हणून मी बरोबर गेले. त्या हॉलमध्ये लाकडी बाकं आहेत, भिंतीला टेकायला जागा नाही. तिचं नाव पुकारलं. खिडकीतला शिपाई तिला ओळखतो. तो तिला हळूच म्हणाला, "आजी, आजही नाहीच म्हणाला तो. कशाला दगदग करता?" आणि ती म्हणाली, "असू दे. मी जरा बसते, मग जाते." भेटीची वेळ संपेपर्यंत बसून राहिली, डबा मांडीवर धरून. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, गर्दीच एवढी असते."

मी शेजारी बसून सगळं ऐकलं होतं. तिला ते माहीत होतं, तरी म्हणाली.

अजूनही तुलाच पाठीशी घालतेय ती. माझ्यापुढे तुझं वाईट दिसू नये म्हणून. आणि त्या दिवशी जे बोलली ते तुझं वाईट व्हावं म्हणून बोलली असं तुला वाटतं का? ती तुला डोक्यावर चढवून बसली होती जन्मभर, माझ्या वाटणीची साय तुझ्या वाटीत पडायची. त्या बाईला त्या दिवशी बाकाला धरून उठायला किती बळ लागलं असेल ते मला आत्ता कुठे कळतंय. भिंगरी मध्ये बसली नसती तर ती उठली नसती. मलाही तिला माफ करता आलेलं नाही. पण रात्री तिचे गुडघे चोळून देते, कारण ते दुखतात.

मला तुझ्याकडून काही नको. मला भेटू नकोस, मला लिहू नकोस, भिंगरीला तर नकोच. तुझी चौकशी चालेल तशी चालेल, मी त्यात खरं तेवढंच बोलेन.

डॉक्टर म्हणाले, ताप उतरेल, पण हृदय थकलंय, दगदग नको. मी त्यांचं म्हणणं तिला सांगितलं. तिने तुझे ते दोन शर्ट पिशवीत भरून ठेवलेत, बाजूने आत घेतलेले. येत्या भेटीच्या दिवशी ती पुन्हा येणार आहे, मी अडवणार नाही.

बोलू नकोस हवं तर. नुसता समोर बस. पण या वेळी खाली ये.

ताई